दक्षिण मुंबई: नाव तेच, मतदारसंघ दुसरा

दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघाबद्दल दर पाच वर्षांनी तेच लिहून येतं. देशातला सर्वांत श्रीमंत मतदारसंघ, मलबार हिलचे उद्योगपती, मतदानाच्या दिवशी लोणावळ्याला पळणारी मंडळी, टक्का घसरला. यातलं काही खोटं नाही. पण एवढंच खरं मानलं तर एक गोष्ट उलगडत नाही. 2014 पासून सलग 3 वेळा इथून निवडून आलेला खासदार, शिवसेनेचा अरविंद सावंत, महानगर टेलिफोन निगममध्ये अभियंता होता, कामगार संघटनेतून वर आला आणि त्याची सगळी राजकीय भाषा शाखेत घडलेली आहे. त्याच्यासमोर 2 वेळा हरला तो काँग्रेसचा मिलिंद देवरा, ज्याच्यासाठी 2019 मध्ये मुकेश अंबानी आणि उदय कोटक चित्रफितीतून बोलले. तरीही देवरा 1 लाख मतांनी पडले.

आणखी एक पेच आहे. अरविंद सावंत 2014 आणि 2019 मध्ये भाजपच्या साथीनं जिंकले, 2024 मध्ये भाजपच्या विरोधात. मधल्या काळात पक्ष फुटला, नाव गेलं, धनुष्यबाण गेला. मताधिक्य 1,28,000 वरून 1,00,067 आणि तिथून 52,673 वर उतरलं, पण जागा गेली नाही. हे कसं झालं याचा हा पाठपुरावा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला वाद घालायला सोपं जाईल. दक्षिण मुंबईच्या मतदारानं फार मोठी वैचारिक कोलांटउडी मारली असं मला वाटत नाही. 2008 च्या पुनर्रचनेत नकाशा बदलला आणि जुन्या नावाखाली एक नवाच मतदारसंघ उभा राहिला. पुढचं बरंचसं त्या नकाशातून आलं.

स. का. पाटलांपासून देवरांपर्यंत

पहिल्या तिन्ही निवडणुका, 1952, 1957 आणि 1962, स. का. पाटलांच्या. मुंबईचे माजी महापौर, मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा, पक्षासाठी पैसा उभा करण्यात हातखंडा. मूळचे कोकणातले असूनही संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर ते मुंबई महाराष्ट्राला देण्याच्या विरोधात उभे राहिले. 1957 मध्ये गिरणगावातून कम्युनिस्ट नेते डांगे संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेवर लोकसभेत गेले, पण शेजारी दक्षिणेत पाटील टिकले. मुंबईची ही दोन टोकं तेव्हापासून वेगळी मतं देत आली आहेत, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायचं.

1967 मध्ये पाटील केंद्रात रेल्वेमंत्री होते. समोर संयुक्त सोशलिस्ट पक्षाचे जॉर्ज फर्नांडिस, मंगळूरचा तरुण, महापालिकेतला नगरसेवक, टॅक्सीवाले, बेस्टचे आणि महापालिकेचे कामगार यांचा नेता. पाटलांना कुणी हरवू शकत नाही ही समजूत इतकी पक्की होती की जॉर्ज यांच्या प्रचाराचा सगळा भर एकाच गोष्टीवर राहिला: तुम्ही पाटलांना पाडू शकता. जॉर्ज सुमारे 30 हजार मतांनी निवडून आले आणि 'जायंट किलर' ही पदवी त्यांना कायमची चिकटली. त्या निकालातलं मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं आहे. फोर्ट आणि काळबादेवीच्या या मतदारसंघात हमाल, झाडूवाला, बसचालक, गोदी कामगार यांची मतं त्या काळीही निर्णायक होती. श्रीमंतांचा मतदारसंघ हे वर्णन 1967 मध्येही अपुरंच होतं.

1971 ची जागा इंदिरा काँग्रेसच्या लाटेत गेली. 1977 मध्ये आणीबाणीनंतर जनता पक्षाचे रतनसिंह राजदा आले, आणि 1980 मध्ये देश पुन्हा इंदिरा गांधींकडे वळला तरी राजदा टिकले. त्यांनी त्या वेळी ज्यांना हरवलं ते काँग्रेसचे मुरली देवरा, मिलिंद यांचे वडील.

देवरांनी हा पराभव फार गांभीर्यानं घेतला असावा. 1984, 1989, 1991 आणि 1998 अशा 4 वेळा ते इथून जिंकले. मुंबई काँग्रेसचं अध्यक्षपद दोन दशकं त्यांच्याकडे राहिलं. त्यांची पद्धत साधी होती: वरच्या मजल्यावर उद्योगपतींशी दोस्ती, खालच्या मजल्यावर मोहल्ल्यात, झोपडपट्टीत, कामाठीपुऱ्यात सतत राबता. डोळ्यांची शिबिरं, संगणकाचे वर्ग, पत्र हवं तर पत्र. (सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2001 चा आदेश त्यांच्याच याचिकेवर आला. सिगारेट ओढणाऱ्या किती मतदारांनी याचा राग धरला, हे कुणी मोजलं नाही.)

त्यांना 2 वेळा हरवलं ते जयवंतीबेन मेहतांनी, 1996 आणि 1999 मध्ये. भाजपच्या जुन्या कार्यकर्त्या, आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्या, पुढे वाजपेयी सरकारात ऊर्जा राज्यमंत्री. त्यांच्या विजयाचं गणित मुंबईत तेव्हा कुणालाही पाठ होतं. काळबादेवी, भुलेश्वर, वाळकेश्वरचा गुजराती-मारवाडी-जैन मतदार भाजपचा, गिरगावचा मराठी मतदार शिवसेनेचा, आणि युती असल्यानं दोन्ही एका पेटीत. देवरांकडे मुस्लिम वस्त्या, झोपडपट्ट्या, ख्रिस्ती आणि दक्षिण भारतीय मतदार, शिवाय व्यापाऱ्यांतला एक गट. दोन्ही बाजू इतक्या समसमान की जागा चार-दोन टक्क्यांनी इकडून तिकडे व्हायची. 2004 मध्ये मिलिंद देवरा, वय 27, जयवंतीबेनना 10,246 मतांनी हरवून गेले.

2008: रेघ सरकली

2008 पूर्वी दक्षिण मुंबईत विधानसभेचे 6 मतदारसंघ होते: कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, मलबार हिल. म्हणजे फोर्ट, बाजारपेठा, मोहल्ले, गिरगाव आणि टेकडी. वरळी, शिवडी, परळ, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव हा सगळा भाग मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघात होता, आणि तो वेगळाच मुलूख.

तिथला इतिहास गिरणीचा. जानेवारी 1982 मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. 1984 मध्ये, इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसला न भूतो मतं पडत असताना, या पट्ट्यानं सामंतांना लोकसभेत पाठवलं. संप हरला होता, तरी कामगारानं नेत्याला पाडलं नाही. त्याही आधी, 1970 मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. लाल बावट्याकडून भगव्याकडे जाण्याची सुरुवात तिथली. 1991 पासून 2009 पर्यंत दक्षिण मध्यचे खासदार शिवसेनेचे मोहन रावले. 2004 मध्ये याच मतदारसंघात दगडी चाळीच्या अरुण गवळीनं 90 हजारांच्या वर मतं घेतली आणि काही महिन्यांनी चिंचपोकळीतून आमदारही झाला. मलबार हिलचा मतदार असा उमेदवार पत्रिकेवर शोधतही नाही.

पुनर्रचना 2001 च्या जनगणनेवर झाली. शहराची लोकसंख्या उपनगरांकडे सरकली होती. गिरण्या बंद पडल्यावर कामगारांची पुढची पिढी डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली, चाळीतल्या खोल्या गोदामं आणि कार्यालयं झाल्या. त्यामुळे मुंबई शहर जिल्ह्यातले विधानसभा मतदारसंघ 17 वरून 10 झाले आणि उपनगरांतले 17 वरून 26. उरलेल्या 10 पैकी 6 एकत्र करून नवी दक्षिण मुंबई बनली: वरळी, शिवडी, भायखळा, मलबार हिल, मुंबादेवी, कुलाबा. जुन्या दक्षिणेला गिरणगावाचा मोठा तुकडा जोडला गेला. नाव मात्र दक्षिणेचंच राहिलं, आणि वर्तमानपत्रांतलं वर्णनही.

याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. वरळी-शिवडी आल्यामुळे युतीच्या जागावाटपात ही जागा भाजपकडून शिवसेनेकडे गेली. तेव्हापासून आजपर्यंत दक्षिण मुंबईच्या लोकसभा मतपत्रिकेवर कमळ नाही. मलबार हिलचा आमदार 1995 पासून भाजपचे मंगलप्रभात लोढा, आणि तिथला कट्टर भाजप मतदार 2009 पासून लोकसभेला दुसऱ्याच पक्षाच्या चिन्हाचं बटण दाबतो आहे.

2009 चा फसवा निकाल

नकाशा बदलला तरी पहिल्याच निवडणुकीत मिलिंद देवरा सहज जिंकले आणि सगळ्यांचा गैरसमज झाला. आकडे पाहा. देवरा 2,72,411. शिवसेनेतून फुटलेल्या मनसेचे बाळा नांदगावकर 1,59,729. शिवसेनेचे मोहन रावले 1,46,118. देवरांचं मताधिक्य 1,12,682, पण दोन्ही सेनांची बेरीज 3,05,847. म्हणजे शिवसेना फुटली नसती तर ही जागा 2009 मध्येच गेली असती, असं निदान कागदावर तरी दिसतं.

कागदावर म्हणतो, कारण बेरजेत नेहमी थोडी फसवणूक असते. मनसेला मत देणारा प्रत्येक जण शिवसेनेकडे परतला असता असं नाही. काही तरुण मतं पहिल्यांदाच मराठीच्या मुद्द्यावर बाहेर पडली होती. नांदगावकर स्वतः भारी उमेदवार, 1995 मध्ये माझगावात छगन भुजबळांना पाडलेले. तरी निष्कर्ष बदलत नाही. नव्या दक्षिण मुंबईत मराठी मतांचा गठ्ठा सर्वांत मोठा होता आणि 2009 मध्ये तो दुभंगलेला होता.

26/11 ला 6 महिनेही झाले नव्हते. ताज, ओबेरॉय, सीएसटी, नरिमन हाऊस सगळे याच मतदारसंघातले. हॉटेलांसमोर मेणबत्त्या पेटल्या, सुशिक्षितांनी राजकारणात यावं अशी चर्चा झाली, बँकर मीरा सन्याल अपक्ष उभ्या राहिल्या. त्यांना सुमारे 10 हजार मतं पडली आणि एकूण मतदान 40 टक्क्यांच्या आसपास राहिलं.

2014 मध्ये मोदी लाट आली, मनसे 85 हजारांच्या आत घसरली, सन्याल 'आप'कडून सुमारे 40 हजारांवर गेल्या आणि सावंत निवडून आले. या निकालाला लाटेनं बरंच झाकून टाकलं. 2019 मध्ये मनसे लोकसभेच्या रिंगणात नव्हती आणि लढत जवळपास थेट झाली: सावंत 4,21,937, देवरा 3,21,870. देवरांची मतं 2014 पेक्षा 75 हजारांनी वाढली. सावंतांचीही वाढली. मला हा निकाल 2014 पेक्षा अधिक बोलका वाटतो. देवरा घराण्याची जुनी बेरीज पूर्ण जमली, उद्योगपतींचा आशीर्वाद मिळाला, तरी नव्या नकाशात ती बेरीज 1 लाखानं कमी पडली.

मतदार कोण

सर्वेक्षणांत आणि पक्षांच्या फायलींत अमुक टक्के मराठी, तमुक टक्के मुस्लिम असे आकडे फिरतात. जनगणना लोकसभा मतदारसंघनिहाय धर्म वा भाषा मोजत नाही. हे आकडे यादीतली आडनावं चाळून काढलेले असतात, म्हणून ते मी इथे देत नाही. वस्त्यांवरून मात्र बरंच सांगता येतं.

मुंबादेवीत भेंडी बाजार, महंमद अली रोड, डोंगरी. पण 'मुस्लिम मत' म्हणून जे एकत्र मोजलं जातं त्यात बोहरी व्यापारी, मेमन, कोकणी मुसलमान आणि उत्तरेकडून आलेला जरी-चामड्याचा कारागीर हे सगळे असतात, आणि त्यांची मतं अनेकदा वेगवेगळी पडली आहेत. याच पट्ट्यात काळबादेवी-भुलेश्वरचे गुजराती, मारवाडी, जैन. भायखळ्यात नागपाडा, मदनपुरा आहे तसंच घोडपदेव आणि माझगावही आहे, जिथे मराठी आणि ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. हा मतदारसंघ स्वभावानं अस्थिर: 2009 मध्ये काँग्रेस, 2014 मध्ये एमआयएमचे वारिस पठाण, 2019 मध्ये शिवसेनेच्या यामिनी जाधव.

मलबार हिल म्हणजे नुसती टेकडी नव्हे. टेकडीच्या पायथ्याशी गिरगाव, ग्रँट रोड आणि ताडदेवच्या चाळी आहेत. कुलाब्यात कफ परेडचे मनोरे आणि त्यांच्या सावलीत आंबेडकर नगर, गीता नगर, मच्छीमार नगर. ससून डॉकवर पहाटे मासळी उतरवणारी कोळीण आणि 22 व्या मजल्यावरचा बँकर एकाच आमदाराचे मतदार. वरळीत कोळीवाडा, बीडीडी चाळींत पोलीस, गिरणी कामगार आणि बौद्ध कुटुंबं, आणि त्यांच्याभोवती गिरण्यांच्या जमिनीवर उगवलेले टॉवर. शिवडीत लालबाग-परळ. मराठी मतं आजही सर्वांत घट्ट कुठे असतील तर इथे.

या सगळ्यांना जोडणारा प्रश्न एकच, घर. शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारती, पागडीची भाडेकरू कुटुंबं, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची टेकू लावलेली घरं, संक्रमण शिबिरात अडकलेली माणसं. भेंडी बाजारातला बोहरी, गिरगावातला ब्राह्मण, लालबागचा मालवणी आणि कामाठीपुऱ्यातला तेलुगू, चौघांचीही तक्रार जवळजवळ शब्दशः सारखी: मालक ऐकत नाही, बिल्डर पळाला, भाडं थकलं. प्रचारात मात्र हा प्रश्न पत्रकाच्या तिसऱ्या पानावर असतो. पुनर्विकास वर्षानुवर्षं आमदार आणि नगरसेवकांच्या पातळीवर लोंबकळतो, आणि लोकसभेला माणूस भाषा-धर्माच्या ओळखीवर मत देतो.

मतदानाच्या टक्क्याबद्दल एक शब्द. श्रीमंत मत देत नाहीत हे कुलाब्यात बऱ्यापैकी खरं आहे. तिथला टक्का नेहमी तळाशी असतो. पण सगळा दोष उदासीनतेचा नाही. पुनर्विकासात इमारत पाडली की रहिवासी मीरा रोडला जातो आणि नाव यादीत तसंच राहतं. गटप्रमुखाला अशी नावं तोंडपाठ असतात आणि तो मतदानाच्या दिवशी गाडी पाठवतो. फुगलेल्या यादीवर काढलेला टक्का खालीच येणार.

20 मे 2024

जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. जानेवारी 2024 मध्ये मिलिंद देवरा काँग्रेस सोडून शिंदे यांच्याकडे गेले आणि राज्यसभेवर पोहोचले, म्हणजे अर्धशतकाच्या देवरा-काँग्रेस नात्याचा शेवट निवडणुकीआधीच झाला. महायुतीत या जागेसाठी भाजपचे राहुल नार्वेकर आणि लोढा तयारीत होते, पण एप्रिलच्या अखेरीस उमेदवारी शिंदे गटाच्या भायखळ्याच्या आमदार यामिनी जाधवांना मिळाली. मनसेनं महायुतीला बिनशर्त पाठिंबा दिला होता. थोडक्यात, मराठी मतांचे आता जे तीन दावेदार झाले होते त्यांतले दोन एका बाजूला आणि सावंत एकटे, नवी मशाल घेऊन.

विधानसभानिहाय मतं पाहिली की निकाल उघडा पडतो. मलबार हिलमध्ये यामिनी जाधव सुमारे 48 हजारांनी पुढे. कुलाब्यात साडेनऊ हजारांच्या आसपास पुढे. या दोन जागांवर सावंत जवळपास 58 हजारांनी मागे पडले. भरपाई वरळी-शिवडीतून व्हायला हवी होती, कारण ते सेनेचे बालेकिल्ले. शिवडीनं सुमारे 17 हजारांची आघाडी दिली. वरळीनं, आदित्य ठाकरेंच्या वरळीनं, फक्त 6,715. दोन्ही मिळून साडेतेवीस हजार. एवढ्यावर सावंत हरले असते. त्यांना तारलं भायखळ्यानं, सुमारे 46 हजार, आणि मुंबादेवीनं, जवळपास 41 हजार. भायखळा तर समोरच्या उमेदवाराचा स्वतःचा मतदारसंघ.

1992-93 च्या दंगलीत जे मोहल्ले पोळले त्यांनी ठाकरेंच्या उमेदवाराला निवडून आणलं, हे वाक्य 2014 मध्ये कुणी उच्चारलं असतं तर लोक हसले असते. याचं श्रेय नुसतं उद्धव ठाकरेंच्या बदललेल्या भाषेला देणं भाबडेपणाचं होईल. भाजपला पाडायचं आणि समोर जो उभा असेल त्याला मत द्यायचं, हा हिशेब त्यात होता. करोनाकाळातल्या कारभाराबद्दलची बरी आठवण होती, आणि काँग्रेसचे अमीन पटेल यांच्यासारख्या स्थानिक आमदारांची यंत्रणा होती. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. सावंतांना वरळी आणि शिवडीतून मिळून सुमारे 1 लाख 40 हजार मतं पडली. मुसलमानांच्या मतांवर निवडून आले, अशी टीका विरोधकांनी नंतर केली. ती अंकगणितात टिकत नाही. दोन्हींतला एक गठ्ठा काढा, जागा जाते.

सहा महिन्यांनी विधानसभा झाली. राज्यात महायुतीनं मुसंडी मारली, आणि दक्षिण मुंबईत मात्र मे महिन्याचंच चित्र पुन्हा उमटलं. मलबार हिल लोढा, मताधिक्य 68 हजारांच्या घरात. कुलाबा नार्वेकर, 48 हजारांच्या वर. मुंबादेवी अमीन पटेल, जवळपास 35 हजार. भायखळ्यात यामिनी जाधव पुन्हा हरल्या, ठाकरे गटाच्या मनोज जामसुतकरांकडून, 31 हजारांनी. वरळीत आदित्य ठाकरेंनी मिलिंद देवरांना 8,801 मतांनी हरवलं. शिवडीत अजय चौधरी सुमारे 7 हजारांनी आले, समोर नांदगावकर, भाजपच्या पाठिंब्यासह.

सहापैकी चार जागांवर राज्यव्यापी लाट अडली. तरी ठाकरे गटानं यात फार समाधान मानू नये, कारण दोन जुन्या बालेकिल्ल्यांतली मताधिक्यं चार आकड्यांत आली आहेत. वरळीत मत फुटण्याची कारणं सरळ दिसतात: टॉवरमधला नवा मतदार, शिंदे गटाकडे गेलेले कार्यकर्ते, मनसे. बीडीडी चाळींतली कुटुंबं आता 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात जाऊ लागली आहेत. शाखेचं सगळं तंत्र सामायिक गॅलरी आणि चौकावर उभं होतं. 40 मजली इमारतीत, प्रवेशद्वारावर नोंदवही ठेवणाऱ्या सुरक्षारक्षकापलीकडे, गटप्रमुख कसा पोहोचणार हे अजून कुणालाच नीट जमलेलं नाही. जो पक्ष ते आधी शिकेल त्याची वरळी.

आणि पुन्हा नकाशा. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 33 लाख 38 हजार होती, 2011 मध्ये 30 लाख 85 हजार. जागांच्या फेरवाटपावरची बंदी 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे, आणि ती जनगणना 2027 मध्ये व्हायची आहे. लोकसंख्येची घट अशीच राहिली तर दक्षिण मुंबईची उत्तरेकडची रेघ आणखी वर सरकेल. दादर-माहीम आत आलं तर मराठी मतांचं वजन वाढेल. सायन-वडाळ्याच्या बाजूनं वाढली तर गुजराती, दक्षिण भारतीय आणि पंजाबी वस्ती येईल आणि भाजप ही जागा परत मागेल.